सासरे, पेचकस आणि मी

संक्रांतीला दोन दिवस राहिले असताना आमचा मिक्सर बंद पडला. भांड्यात भाजलेले तीळ होते. निम्म्यांचं कूट झालेलं, निम्मे तसेच. आठवडाभर तो मध्येच अडखळत होता. बटण दोनदा फिरवलं की पुन्हा चालू व्हायचा, म्हणून मी दुर्लक्ष केलं होतं. त्या रविवारी सकाळी मात्र आत एक निळी ठिणगी चमकली, जळकट वास आला आणि तो गप्प झाला तो झालाच.

मी त्याला पिशवीत घातलं आणि नाशिकच्या आमच्या इंदिरानगरातल्याच एका दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. काउंटरवरच्या माणसाने पिशवीत नुसतं डोकावून विचारलं, “किती वर्षं झाली?”

“नऊ.”

“मग मोटर गेली. नवीन घेऊन टाका, ताई. याच्यात आता काही राम नाही.”

“उघडून तरी बघा.”

“उघडून काय करणार? वरच्या रॅकवर बघा, सगळे नवीन मॉडेल आहेत.”

मी पिशवी उचलून घरी आले. मिक्सर डायनिंग टेबलवर ठेवला आणि पाटा-वरवंटा आता कोणाकडे असेल याचा विचार करत बसले. माझा नवरा पेपर वाचत होता. तो अंबडच्या एका कारखान्यात प्लॅनिंगचं काम करतो, म्हणजे दिवसभर कॉम्प्युटरवर कुठलं मशीन कधी चालणार ते ठरवतो. मशीनला हात लावायची वेळ त्याच्यावर येत नाही, आणि घरी तर तो बल्ब बदलायलाही वॉचमनला बोलावतो.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सासरे बसले होते. दोन महिन्यांपूर्वीच ते आमच्याकडे राहायला आले होते. आयुष्यभर मनमाडला रेल्वेत फिटर होते, निवृत्त झाल्यावर तिथेच घर बांधून राहिले. सासूबाई गेल्यावर दोन वर्षं त्यांनी एकट्याने रेटली. पण हात थरथरायला लागले होते. चहाचा कप बशीवर वाजायचा. एकदा गॅसवरचं दूध उतरवताना अंगावर सांडलं, तेव्हा नवऱ्याने त्यांचं काही ऐकून घेतलं नाही आणि त्यांना घेऊन आला. येताना त्यांनी कपड्यांची एक बॅग आणली आणि एक लोखंडी पेटी. पेटी उचलायला दोन माणसं लागली. ती गॅलरीत ठेवली, म्हणजे माझ्या तुळशीच्या आणि कढीपत्त्याच्या कुंड्या एका कोपऱ्यात गेल्या. मी काही बोलले नाही, पण रोज पाणी घालताना माझी पोटरी त्या पेटीच्या कोपऱ्याला लागायची आणि मनातल्या मनात मी बरंच काही बोलायचे.

सासरे माझ्याशी थेट कधीच बोलत नसत. लग्नाला तेवीस वर्षं झाली तरी नाही. राग वगैरे काही नव्हता, त्यांची रीतच तशी. काही हवं असेल तर माझ्यासमोर बसून ते नवऱ्याला सांगायचे, “चहा झाला का विचार.” मग मी नवऱ्याकडे बघून म्हणायचे, “होतोय म्हणावं.” नवरा बिचारा मान वर न करता बसून असायचा. आमचं बोलणं त्याच्या डोक्यावरून जाऊन परत यायचं.

त्या दिवशीही ते म्हणाले, “मिक्सरला काय झालंय विचार.”

“मोटर गेली म्हणतात,” मी सांगितलं.

“कोण म्हणतं? उघडला होता का त्याने?”

“नाही.”

“मग त्याला कसं कळलं?”

हे वाक्य त्यांनी थेट माझ्याकडे बघून म्हटलं. ते उठले, गॅलरीत गेले आणि पेटी उघडली. मी ती पेटी पहिल्यांदाच आतून पाहिली. पेचकस लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत, प्रत्येकाची मूठ हातात घासून गुळगुळीत झालेली. पकडी, पाने, कानस, टेस्टर, सोल्डरिंगची गन, आणि हे सगळं सासूबाईंच्या जुन्या नऊवारीच्या फाडलेल्या फडक्यांत गुंडाळलेलं.

त्यांनी जमिनीवर पेपर पसरला, मिक्सर उलटा ठेवला आणि खालचं लाल बटण दाबून पाहिलं. काही झालं नाही. मग मिक्सरचे रबरी पाय उपटून काढले. त्या पायांखाली स्क्रू लपवलेले असतात हे मला नऊ वर्षांत माहीत नव्हतं. त्यांनी पेचकस उचलला.

पेचकसाचं टोक स्क्रूच्या खाचेत बसेना. हात थरथरत होता, टोक भोवती भोवती घसरत होतं. त्यांनी दोन्ही हातांनी धरून पाहिलं. तिसऱ्या वेळी प्लॅस्टिकवर लांब ओरखडा उमटला. त्यांनी पेचकस खाली ठेवला आणि गॅलरीच्या जाळीतून बाहेर बघत बसले. नवऱ्याने पेपरचं पान उलटलं, पण तो वाचत नव्हता हे मला कळत होतं.

मी त्यांच्यासमोर मांडी घातली. “द्या इकडे,” मी म्हटलं.

इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी असं बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. पेचकस माझ्याकडे सरकवला.

“आधी काय करायचं?” त्यांनी विचारलं.

“स्क्रू काढायचे.”

“नाय. आधी प्लग.”

“तो काढलेलाच आहे की. मिक्सर इथे आहे, सॉकेट तिकडे स्वयंपाकघरात.”

“डोळ्यांनी बघ. हातात धर. आणि समोर ठेव, कायम दिसेल असा.”

मी प्लग माझ्या गुडघ्यापुढे पेपरवर ठेवला. मग त्यांनी मला पहिला स्क्रू काढू दिला.

काढलेला प्रत्येक स्क्रू स्टीलच्या ताटलीत, ज्या जागेवरून निघाला त्याच क्रमाने. झाकण एकदम ओढायचं नाही, आत वायर अडकलेली असते. जोर लागतोय असं वाटलं की थांबायचं, कुठेतरी एखादा स्क्रू राहिलाय. ते सांगत होते, मी करत होते. आतली मोटर दिसली तेव्हा मला उगाच कोणाचं तरी पोट उघडल्यासारखं वाटलं. तिच्यावर नऊ वर्षांच्या हळदीची, मसाल्यांची, दाण्याच्या कुटाची पिवळट साय जमली होती. सासऱ्यांनी मोटरच्या दोन बाजूंना असलेल्या बारीक डब्या दाखवल्या. त्यांतून स्प्रिंगला लावलेले दोन काळे तुकडे निघाले. एक नखाएवढा होता आणि दुसरा जवळजवळ नव्हताच.

“कार्बन,” ते म्हणाले. “घासून घासून संपला. मोटरला काय नाय झालं. वास बघ. जळलेल्या मोटरचा वास असा नसतो.”

मी नाक आत घालून वास घेतला. मला फक्त तिळाचा वास आला, पण मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून सुटल्यावर (मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते) मी ते दोन तुकडे रुमालात बांधून एम.जी. रोडला गेले. मुख्य रस्त्यावर मोबाइलची चकचकीत दुकानं, आणि आत एका गल्लीत सुट्या भागांची छोटी दुकानं. सासऱ्यांनी सांगितलं होतं तसं विचारत विचारत एका बोळातल्या दुकानाशी पोचले. पाच-सहा मिस्त्री हातात जळके तुटके भाग घेऊन उभे होते. मी रुमाल सोडला. दुकानदाराने तुकडे बघितले आणि विचारलं, “कोणत्या मिस्त्रीने पाठवलं?”

“सासऱ्यांनी,” मी म्हटलं. सगळे मिस्त्री माझ्याकडे वळून बघायला लागले. मला लाज वाटली, आणि गंमतही वाटली.

संध्याकाळी कार्बन बसवले, झाकण लावलं, स्क्रू पिळले. रबरी पाय परत दाबून बसवले. मिक्सरचा प्लग लावला. बटण फिरवलं आणि तो असा गरजला की मी दोन पावलं मागे सरले. नवरा धावत आला. “चालू झाला?”

“झाला!”

“ताटलीत काय हाय?” सासरे म्हणाले.

ताटलीत एक स्क्रू राहिला होता.

“अहो, चालतोय ना? मग असू दे,” नवरा म्हणाला. सासऱ्यांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो तसाच मागच्या मागे हॉलमध्ये गेला. मग ते मला म्हणाले, “उघड परत.”

मी परत सगळा उघडला. तिळगूळ त्या वर्षी दुसऱ्या दिवशी सकाळी झाला, पण मिक्सरमध्ये सगळे स्क्रू होते.

त्यानंतर घरातली एकेक वस्तू बाहेर यायला लागली. माळ्यावर टाकलेली इस्त्री, मान पडलेला टेबल-लॅम्प, कटकट आवाज करणारा पंखा, मुलीने पुण्याला जाताना सोडून दिलेलं केस वाळवायचं यंत्र. रविवारी सकाळी चहा झाला की गॅलरीत पेपर पसरायचा, मी मांडी घालायची, सासरे खुर्चीत. माझ्या कुंड्या मी स्वतःच आणखी थोड्या बाजूला सारल्या. चहा झाला का हे आता ते मलाच विचारायला लागले होते. नवरा एकदा म्हणाला, “मला आता कोणी काही विचारतच नाही.” त्याच्या आवाजात तक्रार होती की सुटकेचा निःश्वास, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

शिक्षक म्हणून सासरे कडक होते. मी उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवायचे, म्हणजे कोणती वायर कुठे होती ते लक्षात राहावं. त्यांना ते आवडायचं नाही. “डोक्यात काढ फोटो,” ते म्हणायचे. पण पंख्याच्या वेळी दोघांच्याही डोक्यातला फोटो पुसट झाला, लाल वायर वर की खाली यावरून आमचं वाजलं, आणि शेवटी त्यांनीच चष्मा पुसत म्हटलं, “दाखव तो तुझा मोबाइल.” मी मोबाइल पुढे केला. त्यानंतर प्रत्येक वेळी पेचकस हातात घेण्याआधी ते विचारायचे, “काढला का?”

महिन्याभरात बिल्डिंगमध्ये बातमी पसरली. पहिल्यांदा आल्या त्या समोरच्या काकू. त्या निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात. कुकरचं सैल झालेलं हँडल घेऊन आल्या आणि पाच मिनिटांत ते घट्ट करून घेऊन गेल्या. मग त्यांची भिंतीवरची बेल आली, मग टॉर्च. मला आता बरंच येतं असं मला वाटायला लागलं होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला काकूंचा कुलर बंद पडला. पंखा फिरत होता पण पाणी वर चढत नव्हतं. सासरे त्या संध्याकाळी झोपले होते. मी म्हटलं, त्यांना कशाला उठवायचं, पंप तर आहे एवढासा. मी माझी पक्कड, पेचकस आणि टेपचं रीळ घेऊन समोर गेले. प्लग काढला, हातात धरला, समोर ठेवला, फोटो काढला. सगळं शिकवल्यासारखं. पंपाची वायर एका जागी तुटलेली दिसली. मला इतका आनंद झाला! दोष दिसला की अर्धं काम झालं, असं मी काकूंना ऐटीत सांगितलंसुद्धा. वायर सोलली, जोडली, टेप गुंडाळली, पंप परत टाकीत सोडला. काकूंनी दोन बादल्या पाणी ओतलं. मी प्लग लावला आणि बटण दाबलं.

फट् असा आवाज झाला. काकूंचं घर अंधारलं. मग जिन्यातला दिवा गेला. मग वरच्या मजल्यावरून, खालच्या मजल्यावरून आणि आमच्या घरातून एकाच वेळी एकच ओरडा आला, कारण सगळ्या घरांत क्रिकेटची मॅच चालू होती आणि शेवटच्या दोन ओव्हर राहिल्या होत्या.

खाली मीटरच्या खोलीतला सगळ्या बिल्डिंगचा मेन पडला होता. जिन्यात माणसं जमली. “कोणी काय लावलं?” असं जो तो विचारत होता. काकू इतक्या सज्जन की त्या म्हणाल्या, “माझा कुलर हो, जुना झालाय,” आणि माझं नाव घेतलं नाही. पण माझ्या हातात पक्कड होती. वॉचमनने मेन वर केला तोपर्यंत मॅच संपून गेली होती. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ पुढे महिनाभर मला लिफ्टमध्ये भेटले की नुसतं छताकडे बघायचे.

मी घरी आले तेव्हा सासरे जागे होऊन हॉलमध्ये बसले होते. मी खाली मान घालून सगळं सांगितलं.

“जोड कुठे दिला?” त्यांनी विचारलं.

“जिथे तुटली होती तिथेच.”

“म्हणजे पाण्यात?”

जोड पाण्याच्या वर घ्यायला हवा होता, हे त्यांनी सांगण्याची गरजच उरली नाही. मला वाटलं, आता पेटीला कुलूप लागणार. मान वर करून पाहिलं तर सासऱ्यांचे खांदे हलत होते. मी घाबरले. पण ते हसत होते. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. ते आमच्याकडे आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. नवऱ्यानेही पाहिलं नसावं, कारण तो स्वयंपाकघराच्या दारात हातातला ग्लास तसाच धरून उभा राहिला.

“बस,” ते मला म्हणाले. “माझं ऐक.”

त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी. त्यांचं लग्न होऊन सहा महिने झाले होते. त्यांच्या मेव्हण्याचं, म्हणजे सासूबाईंच्या भावाचं लग्न होतं, गोरज मुहूर्तावर. जावई रेल्वेत फिटर, म्हणून मांडवातल्या दिव्यांच्या माळांचं काम ते आपणहून अंगावर घेऊन बसले. खरं तर मांडववाल्याचा माणूस होता. पण सासुरवाडीत हुशारी दाखवायची होती. सकाळपासून शर्टाच्या बाह्या वर करून त्यांनी माळा जोडल्या. संध्याकाळी अंतरपाट धरला, भटजींनी पहिल्या मंगलाष्टकेला सूर लावला आणि यांनी बटण दाबलं. एक ठिणगी, आणि सगळा मांडव काळोखात.

“मग?” मी विचारलं.

“मग काय! भटजी थांबले नाय. त्यांना पाठ होतं. अंधारात म्हणत राहिले. लोक अंधारात अक्षता टाकत राहिले. नवरदेवापेक्षा जास्त माझ्याच डोक्यात पडल्या. मी बोर्डापाशी उभा होतो ना. नंतर कोणीतरी गॅसबत्ती आणली तर माझ्या केसांत हे एवढे तांदूळ.”

“आणि आई काय म्हणाल्या?”

“ती त्या वेळी काय बोलली नाय. सगळ्यांदेखत कसं बोलणार? पण त्यानंतर पन्नास वर्षं, मी कुठलंही बटण दाबायला गेलो की ती डोक्यावर पदर घ्यायची. अक्षता पडतील म्हणून.”

नवरा दारातून म्हणाला, “मला वाटायचं देवाला नमस्कार करते.”

मग आम्ही तिघंही हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे माझ्याबरोबर काकूंकडे आले, त्यांच्या खुर्चीत बसून राहिले आणि मी नवीन लांब वायर घेऊन जोड पाण्याच्या वीतभर वर दिला. कुलर अजून चालतो आहे.

मे महिन्यात मी चार दिवस माहेरी गेले. माहेर घोटीजवळच्या एका खेड्यात. आई-वडील नाहीत आता. धाकटा भाऊ आणि वहिनी असतात. भाऊ भातशेती करतो. वहिनी आणि गावातल्या आठ-दहा बायका मिळून उन्हाळ्यात नागलीचे पापड करतात, नाशिकला विकायला पाठवतात. त्यासाठी वहिनीने घरात छोटी घरघंटी घेतली आहे. पांढऱ्या कपाटासारखी असते ती, वर दाणे टाकायचे, खाली पीठ.

मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बायका पोळपाट-लाटणी घेऊन ओटीवर येऊन बसल्या, आधण चढलं, आणि घरघंटी चालू होईना. दिवा नाही, आवाज नाही, काही नाही. वहिनी रडकुंडीला आली. भावाने मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री म्हणाला, परवा येतो.

“मी बघू का?” मी म्हटलं.

“तू?” भाऊ म्हणाला. “ताई, हात नको लावू. शॉक-बिक लागेल. लांब हो तू.”

‘लांब हो तू.’ हे मी त्या घरात लहानपणी किती वेळा ऐकलं असेल! वडिलांचं घड्याळ उघडायचं तर भावाने, सायकलची चेन बसवायची तर भावाने. तो धाकटा असूनसुद्धा. माझं काम म्हणजे बॅटरीचा उजेड धरायचा, आणि तो हलला की बोलणी खायची. ते सगळं मी विसरले आहे असं मला वाटत होतं. विसरले नव्हते. माझा आवाज चढला. “पेचकस दे,” मी म्हटलं. “आणि टेस्टर असेल तर तोही दे.”

ओटीवरची एक म्हातारी म्हणाली, “दे रं तिला. तशी बी बंदच हाय.”

भावाने दिला. मी आधी सॉकेटला टेस्टर लावला. दिवा पेटला, म्हणजे वीज येत होती. मग प्लग काढला आणि समोर ठेवला. क्षणभर वाटलं, सासऱ्यांना फोन करावा. केलासुद्धा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मला इथून काय दिसतंय? तुझ्यासमोर हाय ना मशीन? उघड की,” आणि फोन ठेवून दिला.

मी फोटो काढला आणि मागची पत्र्याची पाठ सोडवायला लागले. चौथा स्क्रू निघाला, पाठ बाजूला केली, आणि आतून काहीतरी करड्या रंगाचं थेट माझ्या खांद्यावरून उडी मारून गेलं. मी किंचाळले. पण माझ्यापेक्षा भाऊ मोठ्याने किंचाळला आणि पायातल्या चपलांसकट कॉटवर चढून उभा राहिला.

“उंदीर!” वहिनी ओरडली.

ओटीवर जो हशा पिकला तो मी जन्मात विसरणार नाही. ती म्हातारी तर भिंतीला टेकून हसत होती. भाऊ कॉटवरूनच विचारत होता, “गेला का? गेला का तो?” आणि कोणालाही त्याला उत्तर देण्याइतका श्वास उरला नव्हता.

उंदराने आत छान घर केलं होतं. कागदाचे कपटे, सुतळी, वहिनीच्या हरवलेल्या ब्लाउजची बाही. कपट्यांवर अक्षरं होती, ती वहिनीने जुळवून बघितली. त्यांच्या पीकविम्याच्या अर्जाची झेरॉक्स निघाली. आणि त्या घरट्याच्या वर, दाराच्या बटणाकडे जाणारी वायर कुरतडून तोडलेली. घरघंटीचं दार लागलेलं असेल तरच ती चालू होते, त्यासाठी ते बटण असतं. वायर तुटली म्हणजे तिच्या लेखी दार उघडंच.

मी घरटं काढलं, सगळं कोरड्या ब्रशने साफ केलं. वायरची दोन्ही टोकं सोलली, पीळ दिला, टेप गुंडाळली, जोड पत्र्याला लागणार नाही असा बांधला. पाठ लावली. ताटलीत बघितलं, एकही स्क्रू नव्हता. मग वहिनीला म्हटलं, “दाब बटण.”

“तुम्हीच दाबा, ताई.”

“नाही. तुझी घरघंटी आहे.”

तिने डोळे मिटून दाबलं. घरघंटी चालू झाली. बायकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. मुलगी बोर्डात चांगल्या मार्कांनी पास झाली तेव्हा वाटलं होतं त्याच्या आसपासचं काहीतरी, फक्त हे सगळं माझं एकटीचं होतं. मी मागच्या अंगणात जाऊन हात धुतले, आणि हात स्वच्छ झाले तरी बराच वेळ धूत राहिले.

नाशिकला परत आले तेव्हा सासरे गॅलरीतच होते. मी पापडांचं पुडकं टेबलावर ठेवलं आणि सगळी हकिकत सांगितली. भाऊ कॉटवर चढला ते दोनदा सांगितलं. ते ऐकत होते, पण त्यांचे प्रश्न निराळे होते.

“टेपचे वेढे किती दिले?”

“तीन.”

“उंदीर आत कुठून शिरला?”

हे मी बघितलंच नव्हतं.

“मग तो परत येणार,” ते म्हणाले. “आता त्याला रस्ता माहीत हाय.”

पुढच्या रविवारी आम्ही गॅलरीत तारेची बारीक जाळी कापली. कात्री मी चालवत होते आणि सासऱ्यांनी दोन्ही तळहातांनी जाळी पाटावर दाबून धरली होती. तसे दाबून धरले की त्यांचे हात अजिबात हलत नव्हते. मग नवऱ्याने गाडी काढली आणि आम्ही तिघं घोटीला गेलो. सासरे पुढच्या सीटवर, मांडीवर जाळीची गुंडाळी घेऊन.

वहिनीने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मी घरघंटीची पाठ पुन्हा उघडली. तळाशी वायर आत येते तिथे अंगठ्याएवढं भोक होतं. त्यावर जाळी बसवली. सासऱ्यांनी वाकून माझा जुना जोड पाहिला, बोटाने हलवून पाहिला आणि भावाला म्हणाले, “बरोबर केलंय हिने.” एवढंच. मग चहा मागितला.

भाऊ आतल्या खोलीत गेला. आतून डबे सरकवल्याचा, काहीतरी ओढल्याचा आवाज आला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या पाठीवर पिकावर औषध मारायचा बॅटरीचा पंप होता, मागच्या हंगामापासून बंद पडलेला. मला वाटलं, तो सासऱ्यांपुढे ठेवणार. त्याने तो माझ्यासमोर ठेवला.

“ताई,” तो म्हणाला, “चार्ज होतो, पण दाब येत नाही याला. काय झालं असेल?”

“उघडल्याशिवाय काय सांगू?” मी म्हटलं. “आधी आत औषध राहिलं असेल ते धुऊन आण. आणि पेपर पसर.”

तो पंप उचलून नळाकडे गेला.